चिपळुणात पाचवी आणि आठवीसाठी अनुदानित शाळा: निकाल सोडून काय तपासायचं?

बदलीवाले (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. जूनपासून मुक्काम चिपळुणात. मुलगी आठवीत जाईल, मुलगा पाचवीत. दोघंही आत्तापर्यंत जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत. घर खेर्डीत किंवा पाग भागात, अजून नक्की नाही. स्वयंअर्थसहाय्यित नको, सीबीएसई नको. अनुदानित शाळा हवी, सेमी (गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत) असेल तर उत्तम. ज्याला विचारावं तो दहावीचा निकाल सांगतो, आणि प्रत्येक शाळेचा आकडा शंभराला टेकलेला. मग निवडायचं कशावरून?

संपादक
सूचना: शाळांची नावं घेऊन 'ही चांगली, ती भिकार' असं नको. मागचा धागा त्याच भांडणात बंद करावा लागला होता. काय बघायचं, कसं बघायचं, ते लिहा. नावं धागाकर्ते स्वतः ठरवतील.

खडूफळा
आधी तो निकालाचा आकडा बाजूला ठेवू, कारण आपल्याकडे त्याने काहीच कळत नाही.

कोकण मंडळ २०१२ पासून स्वतंत्र आहे, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे दोनच जिल्हे. तेव्हापासून दहावीला राज्यात पहिला नंबर कोकणाचाच. २०२३ ला ९८.११, २०२४ ला ९९.०१, २०२५ ला ९८.८२ टक्के. अख्खं मंडळच ९८-९९ वर असेल तर एखाद्या शाळेचा ९९ म्हणजे सरासरी, त्यात फलक लावण्यासारखं काय?

दुसरं म्हणजे हा टक्का कशाचा, ते बघा. समजा नववीत १२० मुलं होती. दहावीला नियमित म्हणून बसली १०६, पास झाली १०५. फलकावर लागतं ९९.०६ टक्के. नववीच्या पटावर काढलंत तर होतात ८७.५. मधली १४ मुलं गेली कुठे? काही गाव सोडून गेली असतील, काही नववीतच थांबवली असतील, काहींच्या पालकांना 'सतरा नंबर भरा' असा सल्ला मिळालेला असतो. सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे खाजगी विद्यार्थी. तो नापास झाला तरी शाळेच्या नियमित निकालाला ओरखडा येत नाही. म्हणून मुख्याध्यापकांना निकाल विचारूच नका. 'मागच्या वर्षी नववीत किती होती आणि त्यातली दहावीला नियमित किती बसली' एवढं विचारा. ज्यांच्याकडे लपवायचं काही नसतं ते रजिस्टर न उघडता सांगतात.

तिसरं, टक्केवारी 'बेस्ट ऑफ फाइव्ह'ची असते. सहा विषय, ६०० गुण, त्यातला सर्वांत कमी गुणांचा विषय गळतो. बहुतेक मुलांचा गळणारा विषय गणित किंवा इंग्रजी. ८८ टक्केवाल्याला गणितात ५२ असू शकतात. अकरावी विज्ञानला जाणाऱ्याचं खरं दुखणं तिथेच आहे आणि तेच निकालात दिसत नाही. शाळेकडे मंडळाचं विषयवार निकालपत्रक असतं. नावं झाकून दाखवा म्हणावं, आणि गणितात ६० च्या वर किती, ते मोजा.

आकडेमोड
खडूफळा सरांशी सहमत, एक भर. गणिताला बीजगणित ४०, भूमिती ४०, अंतर्गत २०. अंतर्गत २० पैकी १८ बहुतेक ठिकाणी हातावर ठेवले जातात. मग पास व्हायला लेखी ८० पैकी १७ पुरतात. 'आमच्याकडे गणितात कोणी नापास नाही' हे वाक्य ऐकलं की हे गणित आठवा.

आणि वरच्या टोकाचं चित्र बघायचं तर २०२५ ला राज्यात १०० टक्के मिळवणारी २११ मुलं होती. त्यात लातूर विभागाची ११३, कोकणाची ९.

सावर्डेकरीण
@आकडेमोड, ही तुलना जरा जपून करा हो. कोकण मंडळ मुळात सर्वांत लहान, परीक्षेला बसणारी मुलं कमी. शिवाय १०० टक्क्यांत कला-क्रीडेचे वाढीव गुण धरलेले असतात. आपली मुलं मागे पडतात असा अर्थ त्यातून निघत नाही. नापास न होणं आणि उत्तम येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इतकाच निघतो.

आकडेमोड
मान्य. मला तेवढंच म्हणायचं होतं.

माहितीखिडकी
घरबसल्या करता येईल असं एक काम आधी उरकून घ्या. प्रत्येक शाळेला यू-डायसचा, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीसाठ्याचा, ११ अंकी कोड असतो. पहिले दोन अंक २७ म्हणजे महाराष्ट्र, पुढचे ३२ म्हणजे रत्नागिरी जिल्हा. यू-डायस प्लसच्या 'नो युअर स्कूल' पानावर जिल्हा-तालुका निवडून शाळा काढा आणि रिपोर्ट कार्ड उतरवून घ्या. लागोपाठच्या तीन वर्षांची कार्डं शेजारी शेजारी मांडा. यंदाच्या दहावीचा पट आणि गेल्या वर्षीच्या नववीचा पट, एवढं जुळवलं की सरांनी वर सांगितलेली गळती तुम्हालाच दिसेल. व्यवस्थापनाचा प्रकार, शिक्षकांची संख्या, स्वच्छतागृहं, संगणकही त्यातच आहेत.

फसगत होते ती इथे: संगणक '२०' लिहिलेले असतात, चालू किती ते शाळेत जाऊनच कळतं. शिक्षकांचंही तसंच. आकडा एकूण शिक्षकांचा. गणिताचे किती, याचा पत्ता त्यात लागत नाही.

खडूफळा
शिक्षकांवर येतोच आहे, कारण माझ्या मते सगळ्या धाग्याचा जीव तिथे आहे.

अनुदानित शाळेत किती शिक्षक मंजूर, हे संचमान्यतेवर, म्हणजे शिक्षण खात्याच्या पदमंजुरीवर ठरतं. संचमान्यता पटावर, आणि पट आधार जुळलेल्या मुलांवर. कोकणात पट दरवर्षी आटतोय. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने सहावी ते आठवी आणि नववी-दहावी या गटांत २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या शिक्षकपदांवर गंडांतर आणलं, ते खेड्यातल्या शाळांना जास्त बाधलं. शहरातल्या मोठ्या शाळेत प्रश्न वेगळा असतो. पद मंजूर असतं, पण माणूस निवृत्त झालेला असतो आणि पवित्र पोर्टलची (सरकारी ऑनलाइन शिक्षकभरतीची) पुढची फेरी येईपर्यंत जागा रिकामी राहते. त्या काळात संस्था आपल्या पैशातून तासिकेवर कोणीतरी नेमते. ती व्यक्ती हुशार असू शकते, पण मानधन तुटपुंजं, त्यामुळे दिवाळीनंतर टिकेल याची खात्री नाही. दहावीच्या मुलांना भूमिती अर्ध्यात सोडून नव्या शिक्षकाशी जुळवून घ्यावं लागतं ते यामुळे.

म्हणून प्रश्न असे विचारा. आठवी ते दहावीला गणित कोण शिकवतं? त्यांची पदवी गणिताची की जीवशास्त्राची? (विज्ञान शिक्षक म्हणून नेमणूक झालेले पुष्कळजण वनस्पती-प्राणीशास्त्राचे असतात आणि गणिताचा तास गळ्यात पडतो.) इंग्रजीचे शिक्षक इंग्रजी घेऊनच पदवीधर आहेत का? आणि सर्वांत महत्त्वाचं: पुढच्या तीन वर्षांत यातलं कोण निवृत्त होतंय? निवृत्ती ५८ ला, तारीख प्रत्येकाची शाळेत ठाऊक असते. मुलगी आठवीत येतेय, म्हणजे तुम्हाला तीनच वर्षांचं बघायचंय. आज शाळेचा ज्या गणिताच्या सरांवर लौकिक आहे, ते ती दहावीत जाईपर्यंत निवृत्त होणार असतील तर त्या लौकिकाचा तुम्हाला उपयोग शून्य.

वाशिष्ठीकाठ
हे सगळं मुख्याध्यापक तोंडावर सांगतील? अनुदानित शाळेला माहितीचा अधिकार लागू आहे. १० रुपयांचं कोर्ट-फी तिकीट लावून जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज टाका, ३० दिवसांत संचमान्यतेची प्रत हातात.

खडूफळा
हक्क आहे, पण वाशिष्ठीकाठ दादा, पोराला पुढची सहा वर्षं त्याच शाळेत पाठवायचंय. आधी चहाच्या वेळेला जाऊन गोडीत विचारा. दहातले सात मुख्याध्यापक सांगतात, उलट रिकाम्या जागांबद्दल ऐकून घेणारा कोणी भेटला म्हणून अर्धा तास बोलतात. अर्ज शेवटचा.

बदलीवाले
फार उपयोगी. सेमीबद्दल सांगा ना. मुलगी सातवीपर्यंत पूर्ण मराठीत गणित-विज्ञान शिकलीय. आठवीला सेमीत टाकली तर झेपेल का?

भूमितीची_वही
झेपतं, पण 'सेमी' या नावाखाली तीन प्रकार चालतात, ते आधी ओळखा.

पहिला: शिकवणं इंग्रजी-मराठी मिश्र, फळ्यावर लेखन इंग्रजी, प्रश्न मुलांनी इंग्रजीत सोडवायचे. हा चांगला. दुसरा: पुस्तक इंग्रजी, शिकवणं संपूर्ण मराठीत, आणि परीक्षेला उत्तर पाठ करून इंग्रजीत लिहायचं. सर्वांत जास्त चालतो तो हाच. गणितात तरून जातं. विज्ञानात 'कारणे द्या' आलं की दांडी उडते, कारण वाक्य जमत नाही. तिसरा: फक्त 'अ' तुकडी सेमी, आणि तिच्यात सातवीच्या गुणांवर वेचून घेतलेली मुलं. आठवीपर्यंत प्रवेशासाठी चाळणी परीक्षा घ्यायला शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे, पण प्रवेश दिल्यावर तुकडी कुठली द्यायची हे शाळा ठरवते. प्रवेश घेण्याआधीच 'सेमीच्या तुकडीत जागा आहे का' हे लेखी विचारा. नाहीतर फॉर्मवर सेमी आणि यादीत 'क' तुकडी.

ओळखायचं कसं? नववीच्या एखाद्या मुलाची भूमितीची वही बघायला मागा. प्रमेयाची सिद्धता इंग्रजीत आहे, पण आकृतीखाली पेन्सिलीने 'जीवा', 'स्पर्शिका' असे मराठी शब्द लिहिलेत, तर उत्तम. तो मुलगा दोन्ही भाषांत विचार करतोय. सिद्धता छापल्यासारखी सुबक आणि सगळ्या वह्यांत शब्दन् शब्द तीच, तर ती फळ्यावरून उतरवलेली आहे. मग त्याच मुलाला आकृतीतली अक्षरं बदलून द्या आणि बघा.

तयारीसाठी क्लास लावायची काही गरज नाही. बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तकं फुकट मिळतात, मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांची. सातवीचं गणित दोन्हींत उतरवा. धडे तेच, क्रम तोच, उदाहरणं तीच. एप्रिल-मे मध्ये रोज दोन पानं शेजारी ठेवून वाचायची आणि एका वहीत शब्दांच्या जोड्या करायच्या: पूर्णांक-इंटिजर, परिमेय-रॅशनल, त्रिज्या-रेडियस, जीवा-कॉर्ड, समरूप-सिमिलर, लंब-परपेंडिक्युलर. गणिताचे शंभर-सव्वाशे शब्द होतात. विज्ञानाचे दुप्पट, ते जूननंतर धड्याबरोबर करा. शिकलेलं गणित नव्या शब्दांत बघायचं असतं म्हणून सातवीचं पुस्तक घ्यायचं, आठवीचं नव्हे. बरेच पालक थेट आठवीचं सुरू करतात, मग नवी संकल्पना आणि नवी भाषा एकदम अंगावर येते आणि मूल म्हणतं मला मराठीच हवं.

पाचवीतल्या मुलाला यातलं काही लागत नाही. तो तीन महिन्यांत रुळेल.

सावर्डेकरीण
भाषेवरून आठवलं. संस्कृत विचारून घ्या. आठवीपासून संपूर्ण हिंदी, संपूर्ण संस्कृत, किंवा संयुक्त म्हणजे पन्नास-पन्नास असे पर्याय असतात. पण शाळेत संस्कृतचे शिक्षक असतील तरच. गुणांच्या दृष्टीने संस्कृत हात सैल सोडतं हे खरंच, पण संपूर्ण संस्कृत घेतलं की हिंदी आठवीतच सुटतं. पालकांना हे नववीत कळतं.

मिरजोळीतला
आमच्या आळीत याच विषयावर रोज संध्याकाळी महाभारत. बापूस म्हणतो सीबीएसई, आवस म्हणते सेमी, आजोबा म्हणतात आमच्या वेळी फळाही नव्हता. बाकी चालू द्या, वाचतोय. वाचनखूण साठवली.

मोरचूद
प्रयोगशाळेबद्दल कोणी बोललंच नाही, मग मी बोलतो.

'आमच्याकडे सुसज्ज प्रयोगशाळा आहे' हे सगळे म्हणतात. आत जा. सिंक बघा. कोरडं ठणठणीत आणि आत खडूची धूळ असेल तर तिथे पाणी वापरून कोणी काही केलेलं नाही. मग दहावीची प्रयोगवही मागा. विज्ञानाचे २० गुण प्रात्यक्षिकाचे. वहीत दर प्रयोगाला तारीख आणि सही असते. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर अशा पसरलेल्या तारखा, वेगवेगळ्या शाया, कुठे पाण्याचा डाग, कुठे आकडा खोडून पुन्हा लिहिलेला, अशी वही खरी. सगळ्या सह्या एकाच पेनाने आणि तारखा जानेवारीच्या एकाच आठवड्यात, तर मुलांनी प्रयोग लिहिले, केले नाहीत. भिंगाचं नाभीय अंतर काढायच्या प्रयोगात तीन वाचनं तंतोतंत एकच आली असतील तर तेही उतरवलेलं. हाताने काढलं की दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होतंच.

मुलांना विचारायला सोपा प्रश्न: लोखंडी खिळा मोरचुदाच्या द्रावणात ठेवला तर काय होतं? पुस्तक वाचलेला म्हणेल 'विस्थापन अभिक्रिया'. केलेला म्हणेल 'खिळा तांबूस होतो आणि निळा रंग फिका पडत जातो, पण वेळ लागतो'.

आता कोकणातली खास अडचण. दमट हवेने सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला बुरशी धरते, अमीटर-व्होल्टमीटरचे स्क्रू गंजतात, तराजूचे काटे अडकतात. दहा सूक्ष्मदर्शकांतले पावसाळ्यानंतर दोन चालले तरी नशीब. ज्या शाळेत ते बंद कपाटात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवलेत, आणि त्या पुड्या अधूनमधून वाळवल्या जातात, तिथे प्रयोगशाळा परिचर जागेवर आहे आणि काम करतोय असं समजा. हे पद रिकामं असलं की प्रयोगशाळा आपोआप भांडारघर होते. अटल टिंकरिंग लॅब (मुलांनी स्वतः वस्तू बनवून बघायची सरकारी योजनेतली प्रयोगशाळा) असेल तर वापराची नोंदवही बघा, उद्घाटनाचा फोटो नको.

एसटीचा_पास
खेर्डी की पाग, हे ठरलं की शाळेची यादी निम्मी होईल, म्हणून वेळ-वाहतूक आधी बघा.

खेर्डी कराड रस्त्यावर. तिथून शहरात यायचं म्हणजे बहादूरशेख नाका आणि महामार्ग ओलांडणं आलं. सायकलीला पाचवीच्या मुलासाठी मी तरी नाही म्हणेन. एसटीत मुलींना पाचवी ते बारावी पास मोफत, मुलग्यांना ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे तिकिटाचा तिसरा हिस्सा भरायचा. २०२४ च्या जूनपासून पास शाळेतच देण्याची सोय आहे. मुख्याध्यापकांनी आगाराला यादी पाठवलेली असावी लागते. ती कोण पाठवतं, कधी पाठवतं, विचारा. जी शाळा यादी जुलैत पाठवते तिथल्या मुलांचा महिनाभराचा खर्च खिशातून जातो.

पास मिळाला म्हणजे गाडी मिळाली असं नाही. पोफळी, अलोरे, शिरगाव बाजूने येणाऱ्या गाड्या सकाळी खेर्डीला येईपर्यंत भरलेल्या असतात. संध्याकाळी शाळा पाचला सुटत असेल आणि गाडी पाच वाजून पाच मिनिटांनी आगारातून निघत असेल तर ती मुलांच्या काय कामाची? पुढच्या गाडीपर्यंत मुलं स्टँडवर. काही शाळा शेवटच्या तासिकेला दहा मिनिटं आधी गाववाल्या मुलांना सोडतात. ऐकायला बरं वाटतं, पण शेवटच्या तासाला गणित असेल तर वर्षभरात किती तास गेले ते मोजा.

सकाळ-दुपार अशी दोन अधिवेशनं असतील तर मुलगी आणि मुलगा एकाच अधिवेशनात येतात का तेही विचारा. पाचवी-सहावी सकाळी आणि आठवीपुढे दुपारी असं बऱ्याच ठिकाणी असतं. घरात दोन डबे, दोन वेळा सोडणं-आणणं.

वाशिष्ठीकाठ
आणि पूर. चिपळुणात शाळा बघताना हा विषय वगळता येत नाही.

२००५ आणि २२ जुलै २०२१, दोन्ही वेळा बाजारपेठ, चिंचनाका, पेठमाप, मुरादपूर, खेर्डी पाण्यात होती. निळी पूररेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारं पाणी, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. शाळा कुठल्या रेषेत आहे ते नगरपरिषदेत कळतं, पण त्याहून सोपं म्हणजे शिपायाला विचारा, '२१ ला पाणी कुठवर होतं?' तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल.

मग बघा: विजेचा मुख्य बोर्ड त्या हाताच्या वर आहे की खाली? कार्यालय, संगणक, प्रयोगशाळा तळमजल्यावर आहेत की वर नेली? आणि जनरल रजिस्टर. ते फार महत्त्वाचं. जन्मतारीख, जात, पूर्ण नाव यांचा मूळ पुरावा तोच. पुढे जात पडताळणीला आजोबांच्या शाळेचा उतारा लागतो तो याच वहीतून. जुनी रजिस्टरं स्कॅन केली आहेत का, प्रत दुसरीकडे ठेवली आहे का, एवढं विचारलंत तर शाळा किती सावध आहे ते कळेल.

दिवसा पाणी चढायला लागलं तर काय? भरतीची वेळ आणि वरचा पाऊस एकत्र आले की वाशिष्ठीचं पाणी खाडीत उतरत नाही, शिवनदीचं पाणी बाजारपेठेत मागे फिरतं. जाणती शाळा भरतीची वेळ बघून सकाळीच निर्णय घेते. मुलांना घाईने सोडून देणं हा नेहमीच बरा उपाय नसतो. खेर्डीकडचा रस्ता बंद झालेला असेल तर मुलं वरच्या मजल्यावर ठेवणं बरं. विचारायचं ते हे: कोण ठरवतं, पालकांना निरोप कसा जातो, मोबाइलचा टॉवर गेला तर काय. जिल्हाधिकाऱ्यांची सुट्टी जाहीर झाली की प्रश्न नाही. प्रश्न असतो तो न जाहीर झालेल्या दिवसाचा.

आणि इमारत जुलैतच बघावी. तुम्हाला जूनआधी ठरवायचंय, म्हणून छताला वरच्या वर्गांत पिवळे ओघळ आहेत का, बाकं भिंतीपासून लांब सरकवलेली आहेत का, ते बघा. जिथे गळतं तिथली बाकं बारा महिने सरकलेलीच राहतात.

पाटीपेन्सिल
मुलींची स्वच्छतागृहं मे महिन्यात बघा, तेव्हा पाण्याची खरी परीक्षा. दाराला आतून कडी आहे का, बादली-मग आहे का, वापरलेले पॅड टाकायची सोय आहे का. मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती कागदावर सगळीकडे आहे. सदस्यांची नावं आणि फोन दर्शनी भागात लावलेत का, आणि तक्रारपेटी कोण उघडतं, ते विचारा. पेटीच्या कुलपाला गंज चढलेला असेल तर उत्तर मिळालंच.

कागदपत्रं_आण
आठवीसाठी प्रवेशाचं काम असं चालतं. जुन्या शाळेतून दाखला घ्या, त्यावर पेन क्रमांक (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) असल्याची खात्री करा. नवी शाळा ऑनलाइन विनंती टाकते, जुनी मान्य करते, मग मूल नव्या पटावर येतं. हे अडकतं ते आधारवरच्या नावामुळे. शाळेत 'प्रथमेश', आधारवर 'प्रथमेष', बस्स. जुळलं नाही तर मूल वर्गात बसतं पण संचमान्यतेत मोजलं जात नाही, म्हणून शाळा तुमच्या मागे लागते. एप्रिलमध्येच दुरुस्त करून घ्या.

दाखल्यावर नाव, आईचं नाव, जन्मस्थळ, जात नीट वाचा. शाळा सुटल्यावर या नोंदी बदलणं फार जिकिरीचं. आणि आठवीपर्यंत दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यातच आहे.

देणगी मागितली तर पावती मागा, आणि पावतीवर 'देणगी' लिहिलं आहे की 'शुल्क' ते बघा. प्रवेशासाठी देणगीची सक्ती करायला १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. संगणक, स्नेहसंमेलन, ओळखपत्र यांचे किरकोळ पैसे सगळीकडे असतात, त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

आकडेमोड
मुलगी आठवीत आहे म्हणून एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा. ही परीक्षा आठवीतच देता येते, आणि शासकीय, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच. बौद्धिक क्षमता ९० गुण, शालेय क्षमता ९० गुण. निवड झाली तर नववी ते बारावी दरसाल १२,००० रुपये. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीला ५५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना ५०. मराठा-कुणबी मुलांची यात निवड हुकली तरी पात्र असतील तर सारथीची (या समाजांसाठीच्या राज्य शासनाच्या संस्थेची) ९,६०० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. आपल्याकडे कुणबी समाज एवढा मोठा, तरी पुष्कळ शाळांत हा अर्जच कोणी भरून घेत नाही. 'मागच्या वर्षी किती बसले आणि किती लागले' हा आकडा मला दहावीच्या निकालापेक्षा जास्त सांगतो. ही स्पर्धा परीक्षा आहे, इथे अंतर्गत गुण नाहीत. आणि कोणत्या तरी शिक्षकाने दिवाळीच्या सुट्टीत मुलांना बसवून घेतल्याशिवाय आकडा येत नाही.

मुलाच्या बाबतीत शिष्यवृत्ती परीक्षा पुन्हा चौथी आणि सातवीला गेली आहे, हे लक्षात ठेवा.

रंगपेटी
चित्रकलेचे शिक्षक आहेत का ते विचारा. एलिमेंट्री आणि इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षा. इंटरमिजिएटला ए श्रेणी आली तर दहावीला ७ वाढीव गुण, बी ला ५, सी ला ३. एलिमेंट्री आठवीत, इंटरमिजिएट नववीत दिली म्हणजे दहावी मोकळी राहते. कलाशिक्षकाचं पद रिकामं असलेल्या शाळेत फॉर्म भरले जातात पण सराव होत नाही, आणि स्मरणचित्राला मुलं कोरा कागद घेऊन बसतात.

बदलीवाले
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका. एक, शाळेला जोडून कनिष्ठ महाविद्यालय असलं तर फायदा होतो का? दोन, एकाच दिवसात दोन शाळा बघायच्या तर कधी जावं?

खडूफळा
पहिलं: २०२५-२६ पासून अकरावी राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने आहे. एकाच आवारात, त्याच संस्थेचं कनिष्ठ महाविद्यालय असेल तर १० टक्के जागा इनहाऊस कोट्याच्या, म्हणजे त्याच शाळेतल्या मुलांसाठी राखीव. विज्ञानाच्या मागणी असलेल्या तुकडीपुरताच त्याचा उपयोग. कला-वाणिज्यच्या जागा आपल्याकडे तशाही भरत नाहीत. यासाठी आठवीची शाळा निवडू नका.

दुसरं: शनिवारी जाऊ नका, शाळा अर्धी असते आणि सगळे घाईत. मधल्या दिवशी, पहिल्या शाळेत मधल्या सुट्टीच्या वीस मिनिटं आधी पोचा. त्या वेळेला वऱ्हांड्यातून चालत जा. कुठल्या वर्गात शिक्षक नाहीत आणि तिथे मॉनिटर फळ्यावर नावं लिहितोय, ते मोजा. एखादा असेल तर रजा. तीन-चार असतील तर कार्यालयात जाऊन विचारा, किती पदं रिकामी आहेत. दुसऱ्या शाळेत शेवटच्या तासाला जा, आणि सुटल्यावर फाटकापाशी दहा मिनिटं उभे राहा.

एसटीचा_पास
फाटकापाशी उभे राहिलात की खेर्डीची पोरं कुठली गाडी पकडतात तेही बघा. त्यांच्यातल्या एखाद्याला विचारा, 'काल किती वाजता घरी पोचलास?' घर कुठे घ्यायचं ते मग ठरवा.

बदलीवाले
पुढच्या बुधवारी जातोय. प्रयोगवही आणि भूमितीची वही दोन्ही मागतो. सिलिका जेलच्या पुड्या सापडल्या तर इथे फोटो टाकेन.

मोरचूद
पुड्या गुलाबी आहेत की निळ्या तेही बघा. निळ्या असतील तर कोरड्या, गुलाबी म्हणजे ओल शोषून बसल्यात आणि कोणी वाळवल्या नाहीत. नारिंगी-हिरव्या जातीच्या असतील तर नारिंगी कोरडी, हिरवी ओली.